दगडी रथ, पुसट मावशी: एका बिघडलेल्या फोटोच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी, सोमवार

काम: हंपीच्या दगडी रथासमोरचा मावशीचा फोटो सुधारून १२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढणे, फ्रेमसकट. मुदत: ८ फेब्रुवारी, मावशीची एकसष्टी. काम देणारे: काका. मोबदल्याचा विषय काढला तर काका मिसळीबद्दल बोलायला लागतात.

फोटो काकांनीच काढलाय, दिवाळीच्या सुट्टीत. त्या सहलीच्या बाकी सगळ्या फोटोंत मावशी शाळेच्या ग्रुप फोटोला उभी राहावी तशी उभी आहे. हात बाजूला, पदर नीट, चेहरा गंभीर. काकांना मात्र नेमका हाच हवाय. "बाकीच्यांत ती फोटोला उभी आहे. यात ती आहे," म्हणाले. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

आता दोष. आकाश पांढरंफटक. ढगाळ संध्याकाळ होती, काकांनी मावशीच्या गडद हिरव्या साडीवर बोट टेकवून फोकस केला, फोनने त्या साडीच्या हिशेबाने उजेड घेतला आणि वरचं आकाश जळून गेलं. सगळा फोटो कललेला. डाव्या कोपऱ्यात काकांचं बोट. मागे कुणाची तरी सेल्फी स्टिक, ती थेट मावशीच्या डोक्यातून वर गेल्यासारखी. उजवीकडचा मंडप काळाकुट्ट. आणि खुद्द मावशी पुसट: मान वळवलेली, एक हात वर, पदर उडालेला. ओळखू येते, पण नाक-डोळे रेखीव नाहीत.

शिवाय फोटो आलाय व्हॉट्सअ‍ॅपवरून. आधी मूळ फाइल.

७ जानेवारी, बुधवार

ऑफिस सुटल्यावर नाशिकच्या सातपूरहून वाट वाकडी करून इंदिरानगरला काकांकडे. केबल लावून फोनमधून मूळ फाइल काढली. ४००० बाय ३००० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत १६०० बाय १२०० होती. ती १८ इंचांवर पसरली की इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल पडतात. मूळ फाइल कातरून ३६०० पिक्सेल रुंदी उरली तरी इंचाला २०० मिळतील, भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुरतात. घरातल्यांना पुन्हा एकदा सांगून झालं की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवत जा. कोणी ऐकेल अशी आशा नाही.

दुसरा फायदा असा, की मागचे-पुढचे फोटोही हाती लागले. काका एकदा बटण दाबायला लागले की थांबत नाहीत. या फोटोत बोट आडवं आलंय, पुढच्यात ते बाजूला गेलंय. पर्यटकही थोडे सरकलेत. ठिगळाला कापड त्याच थानातलं मिळालं.

फाइलच्या माहितीत शटर १/२० सेकंद दिसतंय, आणि त्यात सगळं आलं. काकांच्या हाताचं कंपन फोनच्या लेन्समधली यंत्रणा झेलते, रथ तर दगडाचाच. पण सेकंदाच्या विसाव्या भागात वळणारा माणूस बराच वळतो. म्हणजे हा कॅमेरा हलल्याचा दोष नाही, माणूस हलल्याचा आहे. दोघांचे इलाज वेगळे.

आकाशावर कर्सर फिरवला. २५५, २५५, २५५. जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्याला प्रत्येकी ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. तिन्ही २५५ म्हणजे तिथे काही नोंदलंच गेलेलं नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याची न दाबलेली कच्ची नोंद) असती तर तिच्या १२ किंवा १४ बिटांत एखाद्या ढगाची कड सापडलीही असती. इथे आकाश 'परत आणणं' हा शब्दच खोटा आहे, आणायचं तर नवीन आणावं लागेल. मंडपाच्या काळोखात मात्र आकडे आहेत: ८, ११, १४. थोडे आहेत, पण शून्य नाहीत.

१० जानेवारी, शनिवार

दादाने (मावशीचा थोरला) परस्पर एका ॲपमध्ये फोटो टाकून 'सुधारून' पाठवला. एआय. आकाश नारिंगी, क्षितिज सरळ, मावशी स्पष्ट आणि हसरी. पहिल्या नजरेला कोणीही वा म्हणेल.

आईला दाखवला. आई म्हणाली, "ही कोण?"

सख्ख्या बहिणीने असं विचारल्यावर विषय संपतो, पण मी तरी मोठा करून बघितला. ती बाई मावशीच्या वयाची आहे, साडी मावशीची आहे, दात मात्र तिचे स्वतःचे आहेत. मावशी फोटोत दात दाखवत नाही. चेहऱ्याची माहिती फोटोत नव्हतीच, तेव्हा ॲपने हजारो चेहरे पाहून जे सरासरी शिकून ठेवलंय ते इथे बसवलं.

रथाचं त्याहून वाईट. हा रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ, विजय विठ्ठल मंदिराच्या आवारातलं. पुढे जे दोन हत्ती आहेत ते मूळचे नाहीत. आधी तिथे घोडे होते, आणि त्यांच्या मागच्या पायांचे आणि शेपट्यांचे अवशेष अजून हत्तींच्या मागे दिसतात. काकांच्या फोटोत ते आहेत, हत्तीच्या पोटामागे, ठळक. ॲपला तो कचरा वाटला असावा. तिथे आता गुळगुळीत दगड आहे. चाकावरची नक्षी तर विरघळून गेलीय. आणि काळा मंडप त्याने 'साफ' करून तिथे एक धूसर भिंत उभी केलीय, जी हंपीत नाही.

नारिंगी आकाशाचंही जमत नाही. ढगाळ उजेड चहूकडून सारखा येतो, सावली पडत नाही. मावळतीचा उजेड एका बाजूने तिरका येतो, दगडाची एक कड पेटते, दुसरी विझते. वर एक वेळ आणि खाली दुसरी, असं चित्र झालंय. का ते सांगता येत नाही, पण डोळ्याला कळतं.

दादाचं म्हणणं, "लोकांना छान दिसल्याशी मतलब." पुष्कळ फोटोंबाबत त्याचं खरंही आहे. या कामापुरतं ठरवलं: चेहऱ्यावर आणि रथावर यंत्राची कल्पनाशक्ती चालवायची नाही. आहे त्यातूनच काय ते.

११ जानेवारी, रविवार

गिंप ३ (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) मध्ये उघडला आणि आधी १६ बिटांवर नेला, म्हणजे छटांच्या पायऱ्या वाढवल्या. त्याने जुन्या ८ बिटांत नसलेली माहिती येत नाही, पण काळोख उचलताना छटांमध्ये जे पट्टे पडतात ते कमी होतात.

कल काढायचा तर उभं कशाला मानायचं हा पहिला प्रश्न. रथाचा चौथरा विश्वासाचा नाही, काका कोनातून उभे होते म्हणून तो तसाही तिरकाच दिसणार. कडेचे खांबही नाहीत, फोनची लेन्स रुंद असल्याने ते आत झुकलेत. फ्रेमच्या मध्याजवळचा रथाचाच एक उभा खांब पकडला. तीन अंश फिरवून तो ओळंब्यात आला.

मग कातरणं. उजवीकडचा काळा मंडप काढून टाकायचा असं पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं. एवढा मोठा काळा ठोकळा नजर खेचून घेतो. कात्री लावण्याआधी माझी एक सवय आहे, जे फेकतोय ते एकदा उजेडात बघायचं. कर्व्हचं, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या रेषेचं, खालचं टोक वर उचललं.

दोन खांबांच्या मध्ये ईशान.

दादाचा धाकटा. लाल टोपी, गाल खांबाला चिकटवलेला, एक डोळा बाहेर. आणि जराही हललेला नाही. लपलेलं पोर हलतं कुठे? टोपीची शिवण दिसते. काळोखातल्या त्या रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातही डोळा स्पष्ट आहे आणि तो सरळ आजीकडे लागलाय.

काकांना फोन केला. तेही दोन मिनिटं गप्प. मग आठवलं: ईशान सापडत नव्हता, मावशी हात वर करून हाका मारत होती, आणि काका, नवऱ्यांच्या रीतीप्रमाणे, शोधायचं सोडून फोटो काढत होते. "तेव्हाचा तिचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा," काका म्हणाले. घंटा वाजत होती आणि पोर तिच्यापासून पाच-सहा पावलांवर उभं होतं. हे इतके दिवस फोनमध्ये पडून होतं, कोणाला माहीत नव्हतं.

फोटोचा विषयच बदलला. मावशी पुसट आहे कारण ती शोधतेय. ईशान स्पष्ट आहे कारण तो लपलाय. मध्ये रथ, जो जागचा हलत नाही. आता मंडप कापायचा प्रश्नच नाही. पुसटपणाही पुसायचा नाही, उलट तो मुद्दाम ठेवल्यासारखा दिसायला हवा. कठीण भाग तोच आहे. नुसता ठेवलेला दोष दोषच दिसतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काम नाही. काका तिळगूळ घेऊन आले आणि खिशातून पन्नासची नोट काढली. २०१७ मध्ये आलेल्या या नोटेच्या मागे हाच रथ आहे. "असा निळा कर की!"

रात्री करून पाहिला. निळ्या छपाईची परंपरा जुनी आहे, जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइप काढला तेव्हापासूनची. पण या फोटोत निळ्याने संध्याकाळची रात्र होते आणि ईशान हरवलेल्या मुलासारखा दिसायला लागतो. गंमत निघून जाते. काकांना कळवलं. "बरं," म्हणाले, नोट परत खिशात गेली.

१७ जानेवारी, शनिवार

चेहरा थोडा तरी रेखीव होतो का, हे एकदा तपासून सोडून द्यायचं होतं. हललेला फोटो उलट्या गणिताने सरळ करता येतो, पण केव्हा? सगळी फ्रेम एकाच दिशेने, सारख्याच अंतराने हलली असेल तेव्हा. वळणाऱ्या मानेत नाकाचा शेंडा जास्त सरकतो, कान कमी, आणि मानेचा मागचा भाग जवळजवळ नाहीच. एका गणितात हे बसत नाही. नाक जागेवर आलं की कानाभोवती कडी उमटतात.

हे करताना वर केलेला हात मात्र शंभर टक्के आकारावर नीट बघून झाला. हात म्हणून काही उरलेलाच नाही, एक धुरकट पंखा आहे, त्याच्यातून मागचा रथ दिसतो. पण मनगटाच्या जागी सोन्याच्या पाटल्यांची चकाकी आहे, आणि ती वीसांश सेकंदभर हाताबरोबर फिरल्यामुळे तिथे दोन बारीक उजळ कमानी उमटल्यात. एकीला एक समांतर. खालची कमान शेवटाला किंचित जाड होते, म्हणजे हात तिथे क्षणभर थबकला. हा हात कोणी मुद्दाम काढायला बसला असता तरी असा आला नसता.

या कमानींना कोणत्याही फिल्टरचा धक्का लागू द्यायचा नाही. रंगीत ठिपके घालवणारं फिल्टर असल्या बारीक उजळ रेषा आधी खातं. त्या भागाला मास्क लावून, म्हणजे झाकून, ठेवला.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी गोदाघाटावर. कारण आकाश. पांढरं आकाश कोणत्या फोटोत मुद्दामचं वाटतं आणि कोणत्यात जळलेलं, हे समोरासमोर बघायचं होतं. धुकं होतं, निफाडचा पारा पेपरात यायचे दिवस आहेत. सिंहस्थाच्या कामांमुळे घाटावर पत्रे आणि वाळूचे ढीग. नारोशंकराच्या देवळासमोर उभी राहिले. १७४७ चं देऊळ, रामेश्वराचं. भिंतीवर ती घंटा, वसईच्या विजयाची खूण म्हणून आलेली. धुक्यात शिखर आणि मागे सपाट पांढरं.

एकच दृश्य वेगवेगळ्या उजेडात टिपलं. घरी येऊन शेजारी शेजारी लावलं. शिखराची कड स्वच्छ असेल आणि शिखराच्या आत करड्याच्या सगळ्या छटा शाबूत असतील, तर पांढरं आकाश कागदासारखं वाटतं, चित्राचा भाग होतं. कडेला जांभळट रेघ असेल किंवा शिखराचा वरचा भागही फिकुटला असेल, तर ते जळलेलं वाटतं. म्हणजे लक्ष आकाशाकडे नाही, त्याला लागून असलेल्या दगडाकडे द्यायचं.

एक मोह टाळला. रथाच्या माथ्याजवळचा थोडा फिकट झालेला दगड इथल्या देवळाच्या दगडाचा पोत वापरून भरता आला असता. पण आपला दगड बेसॉल्ट, लाव्हाचा, काळा आणि बारीक कणाचा. हंपीचा ग्रॅनाइट, दाणेदार, गुलाबीकडे झुकणारा. हंपीत नाशिकचा दगड बसवायचा म्हणजे दादाच्या ॲपचीच वाट.

येताना मिसळ. स्वतःच्या पैशांनी, याची नोंद असावी.

२१ जानेवारी, बुधवार

आज दिशा ठरली. हंपीचे जुने फोटो बघत होते. अलेक्झांडर ग्रीनलॉने १८५६ मध्ये मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर हंपी टिपलं. त्याच्या फोटोत या रथाच्या डोक्यावर विटांचं शिखर आहे, जे आता नाही. आणि त्या काळच्या फोटोंत आकाश बहुधा कोरंच असतं. तेव्हाची रसायनं निळ्या उजेडालाच फार संवेदनशील होती, जमिनीपुरता उजेड घ्यावा तर आकाश करपायचं. पुष्कळ छायाचित्रकार निगेटिव्हवरचं आकाश सरळ शाईने काळं करून टाकत, म्हणजे कागदावर ते स्वच्छ पांढरं उमटायचं. ज्यांना पांढरं चालत नसे त्यांची वाट वेगळी: फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे त्याच दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी जोडून एक फोटो छापत होता. आकाश बदलायची कल्पना ॲपवाल्यांना सुचलेली नाही.

मी शाईवाल्यांच्या बाजूने. काकांच्या फोनने दीडशे वर्षांपूर्वीच्या रसायनासारखं वागून दाखवलंय, तर फोटोही त्याच घराण्यातला करावा. एकरंगी, तपकिरीकडे झुकणारा, आकाश कोऱ्या कागदाचं.

रंग काढून टाकताना लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही वाहिन्या वेगवेगळ्या बघितल्या. निळी सगळ्यात दाणेदार, काळोखात तर नुसते ठिपके. हिरवी सगळ्यात स्वच्छ. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्म्या खिडक्या हिरव्या असतात, त्याचा हा फायदा. लाल वाहिनीत साडी गडद होते आणि ग्रॅनाइट उजळतो, म्हणजे मावशी रथापासून सुटी दिसते. लाल ५५, हिरवा ४५, निळा शून्य. निळा वगळला तसे मंडपातले अर्धेअधिक ठिपके आपोआप गेले, ईशानच्या चेहऱ्यावर वेगळं काही करावं लागलं नाही.

आकाश २५५ वर ठेवलं नाही. तसं ठेवलं तर प्रिंटरची शाई तिथे पडतच नाही आणि कोऱ्या कागदाची चमक वेगळी दिसते. कर्व्हचं वरचं टोक २४६ वर आणलं, थोडी पिवळसर झाक, सगळ्या फोटोवर सारखा बारीक दाणा. हे मुद्दाम सरसकट केलं, आकाश वेगळं निवडून नाही. फोन कडा टोकदार करतो तेव्हा रथाभोवती एक बारीक पांढरी रेघ सोडतो. ती पांढऱ्या आकाशात लपलेली असते. नुसतं आकाश निवडून गडद केलं की ती रेघ बाहेर पडते. आकाश बदललेले फोटो बरेचदा तिथेच पकडले जातात.

२५ जानेवारी, रविवार

साफसफाई. बोट: अर्धं कातरण्यात गेलं, उरलेल्यावर पुढच्या फोटोतली जमीन. सेल्फी स्टिक: तीच युक्ती, पुढच्या फोटोत तो माणूस सरकलाय, त्यामुळे मागची भिंत खरीच मिळाली. बाकीचे पर्यटक ठेवले. हंपी ओसाड दाखवायची तर सुट्टीत जाऊ नये. रथाभोवतीचं साखळीचं कुंपणही ठेवलं. ते आता तिथे आहे आणि मावशी त्याच्या अलीकडेच उभी होती.

मास्क करताना फाळके आठवतात. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस, सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफीच करत होता, आणि पडद्यावरचे चमत्कार त्याने फिल्म दोनदा उजेडात धरून केले. मी दोन फोटो एकमेकांवर ठेवून काळ्या-पांढऱ्या ब्रशने वरचा पुसते, तो हिशेब वेगळा नाही. फक्त मला 'अनडू' आहे.

२८ जानेवारी, बुधवार

फुटलं. काकांच्या पोटात काही राहत नाही. मावशी थेट घरी, सोबत ओल्या हरभऱ्याची पिशवी. "दाखव."

दाखवला. तिने आधी स्वतःला बघितलं, मग रथ, मग मी बोट ठेवलं तिथे ईशान. पाचेक मिनिटं हसत होती. नंतर ओळीने तक्रारी.

"मावशी, तू पुसट आहेस ते चालेल ना?"

"ते राहू दे. साडी हिरवी होती माझी, ही मातकट कशी? धुवायला टाकल्यासारखी दिसतेय. आणि माझी हंपी अशी नव्हती गं, केवढी गुलाबी दिसत होती."

हंपीला जायचा हट्ट तिचाच होता. विठ्ठलाची मूर्ती विजयनगरहून नाथांचे पणजोबा भानुदास परत पंढरपुरी घेऊन आले, ही कथा तिने कीर्तनात ऐकलेली, तेव्हापासून ते रिकामं देऊळ बघायचं होतं तिला.

तक्रार रास्त आहे. अडचण अशी, की सगळा फोटो काळा-पांढरा आणि एकाच वस्तूला भडक रंग, हा प्रकार लग्नाच्या अल्बमवाल्यांनी इतका वापरलाय की बघवत नाही. लाल गुलाब, लाल छत्री, लाल शालू. हिरवी साडी तशीच ओरडेल.

मावशी गेल्यावर आजोळच्या भिंतीवरचा आजोबांचा फोटो आठवला. स्टुडिओतला, ब्रशने रंगवलेला. फेट्याला गुलाबी, गालांना जरा गुलाबी, शालीच्या काठाला पिवळा. तिथे कोणताही रंग ओरडत नाही, कारण थोडा थोडा सगळीकडे आहे आणि खालचा फोटो त्यातून दिसतो.

३१ जानेवारी, शनिवार

रंगकाम, दिवसभर. वर वेगळा लेयर, मिश्रणाची पद्धत 'रंग', म्हणजे उजेड-अंधार खालचाच राहतो आणि वर नुसती छटा चढते. पारदर्शकता एवढी, की लेयर बंद केल्यावर काय गेलं ते चटकन सांगता येऊ नये. ग्रॅनाइटवर विटकरी-गुलाबी, सारखा नाही, जिथे उजेड आहे तिथे जरा जास्त. जमिनीला मातीचा. साडीला हिरवा. टोपीला लाल, पण काळोखातला लाल, शोधावा लागेल असा.

पदराने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. जिथे कापड दाट तिथे हिरवा दाट, जिथे पदर विरत जाऊन मागचा दगड दिसतो तिथे हिरवा आणि गुलाबी एकमेकांत जिरायला हवेत. कडेपर्यंत हिरवा भरला की पदर प्लास्टिकचा होतो. मऊ ब्रश, कमी दाब, पदर ज्या दिशेने उडालाय त्याच दिशेने हात. पाटल्यांच्या कमानींना किंचित पिवळा. त्वचेला हात लावला नाही. त्वचेचा रंग जरा चुकला तर माणूस आजारी दिसतो, आणि खालचा तपकिरी तिथे चांगला काम करतोय.

पुसटपणा आता मुद्दामचा वाटतो. आपण ब्रशने रंगवलेलं काही बघतोय असं डोळ्याने एकदा मान्य केलं, की उडालेल्या पदराला तो रेघा मागत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी. पूर्ण प्रिंट न काढता तीन तुकडे (पदर, मंडप, आकाशाची कड) एका ए-फोर कागदावर. मॅट कागद. लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलाने ऑटो करेक्शन लावून छापलं, आकाश परत पांढरंफटक आणि हिरवा पोपटी. ते बंद करून पुन्हा छापायला सांगितलं, पैसे दोनदा दिले.

दुसऱ्या तुकड्यावर मंडप बंद झालाय. मॅट कागदावर काळ्याची खोली कमी असते, जवळजवळच्या गडद छटा एकमेकींत मिसळतात. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नाही. स्क्रीनवर ईशान पहिल्या नजरेत दिसतो, कागदावर कोणी सांगितलं तरच. मंडपापुरता उजेड वाढवला, आणि फक्त ईशानच्या डोळ्याला त्याहून थोडा अधिक. किती, हे ठरवायला आईला चाचणी तुकडे दुरून दाखवले. एका तुकड्यावर ती लगेच म्हणाली, "ईशान!" तो बाद. दुसऱ्यावर थोडा वेळ गेला आणि मग म्हणाली. तो पक्का.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अखेरचा प्रिंट आला. लॅबमध्ये उभी राहून तीनदा विचारलं, ऑटो करेक्शन बंद आहे ना.

फ्रेम दहीपुलाजवळच्या एका जुन्या दुकानात. चारही बाजूंनी दोन इंची माउंट (फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट), मी पांढरा म्हटलं, दुकानदार म्हणाले, "ताई, पांढरा लावाल तर तुमचं आकाश मळकं दिसेल. हा घ्या, सायीच्या रंगाचा." लावून दाखवला. २४६ चा पिवळसर पांढरा आणि सायीचा माउंट, दोघांत नेमका एक धाग्याचा फरक. काठाला सागवानी पट्टी, पॉलिश न केलेली. मी जो हिशेब कर्व्हवर आठवडाभर करत होते तो त्यांनी नुसत्या नजरेने केला.

८ फेब्रुवारी, रविवार

एकसष्टी झाली. औक्षण, जेवण, मग फोटो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान आहे, पण जरा हललाय. दुसरा नव्हता का?" मावशीने त्यांना हाताला धरून मंडपापर्यंत नेलं. त्यानंतर ती प्रत्येक पाहुण्याला ओळखायला लावत होती. ईशान स्वतः फ्रेमखाली उभा राहून उत्तर फोडत होता, त्याला तिळाच्या लाडवावर गप्प केलं.

दादाने विचारलं, ॲपवाल्या फोटोत तो का नव्हता. दोन्ही फाइली शेजारी लावून ती धूसर भिंत दाखवली. "बघ की, माझ्या पोरालाच पुसलं," म्हणाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

फाइली लावून ठेवल्या: लेयरसकट मूळ काम, छपाईची १६ बिटांची टिफ, आणि घरच्यांसाठी जेपेग.

काकांना दोनदा सांगितलं होतं की फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. तिथेच लावलीय, कारण खिळा आधीपासून तिथे होता. दुपारी काचेत खिडकीची जाळी दिसते आणि मंडप पूर्ण गायब. पुढच्या रविवारी जाऊन देवघराशेजारच्या भिंतीवर हलवायची आहे. ड्रिल दादाकडे आहे, खिळे मी नेते. मिसळ अजून येणे बाकी.